सहीआधीच्या शंभर फेऱ्या

घर सोडायची नोटीस आली त्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्यात आधी पैलवानाचं वजन केलं.

कुत्रा काही वजनकाट्यावर धड उभा राहत नाही. दोन पाय काट्यावर, दोन फरशीवर, आणि चेहऱ्यावर मी काय गुन्हा केला असा भाव. म्हणून मिस्त्रींनी त्याला कवेत उचललं, दोघांचं मिळून वजन पाहिलं, मग एकट्याचं पाहिलं आणि वजाबाकी केली. चौतीस किलो भरला.

"पहिला मजला जमेल," ते त्याला म्हणाले. "दुसऱ्याला मध्ये दम खावा लागेल. तिसरा असेल तर मी वर राहीन, तू खाली राहा."

पैलवानानं त्यांचा कान चाटला. तो बारा वर्षांचा होता, नावाप्रमाणे आडवातिडवा होता आणि फुगा फुटला तरी पलंगाखाली जात होता. वर्षभरापासून त्याचे मागचे पाय आखडले होते. सपाट जमिनीवर तो रमतगमत फर्लांगभर जायचा, पण जिन्याची पायरी दिसली की खाली बसायचा आणि दुसरीकडे बघायचा.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लिफ्टची कामं केली होती. लिफ्ट बसवायची, तेल द्यायचं, बिघडली की मशिनच्या खोलीत शिरून तिची नस शोधायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायको जाऊन एक. पैलवानाला बायकोनं आणलं होतं, बाजाराच्या पिशवीतून, कांद्यांच्या वर ठेवून. मांजर मिस्त्रींनी आणली होती, एका मशिनच्या खोलीतून, अवजारांच्या पिशवीतून. मांजरीला एकच डोळा होता, पण त्या एका डोळ्यानं ती माणसाकडे अशी बघायची की माणूस आपले बूट पुसलेत का ते तपासायचा. म्हणून तिचं नाव मॅडम. रोज दुपारी मॅडम पैलवानाच्या पाठीवर झोपायची आणि ती उठेपर्यंत पैलवान कूस बदलायचा नाही.

"तिनं एक आणलं, मी एक आणलं," मिस्त्री लोकांना सांगायचे. "जोडी आहे ती. तोडायची नाही."

भाड्याचं घर जुनं होतं. मालक चांगला होता, पण तो वारला आणि त्याच्या मुलांनी घर विकायला काढलं. भाव इतके चढले होते की त्यांनी काढलं नसतं तरच नवल. दोन महिन्यांची मुदत होती. एकतीस तारखेला किल्ली द्यायची.

घर शोधायला मेहुणी पुढे झाली. ती मिस्त्रींच्या बायकोची धाकटी बहीण. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटांच्या वेळा लावायची, त्यामुळे दुखणाऱ्या माणसाला गप्प बसवायची तिला सवय होती. तिनं एक एजंटबाई गाठली. या एजंटबाई आधी शाळेत खेळ शिकवायच्या. आता घरं दाखवायच्या, पण चाल तीच होती. त्या पुढे, बाकीचे धापा टाकत मागे.

"बाजार फार चढलाय," एजंटबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "सकाळी घर पाहिलं आणि दुपारी विचार करून सांगतो म्हणालात, तर संध्याकाळी तिथं दुसऱ्याचे पडदे लागलेले असतात. हल्ली मालकाला पत्र लिहावं लागतं. मी कोण, काय करतो, मला हेच घर का हवं."

"नोकरीला लागताना एवढं विचारलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

"नोकऱ्या मिळतात हो. घर मिळत नाही."

पत्र मेहुणीनं लिहिलं. त्यात मिस्त्री शांत, निर्व्यसनी आणि वेळेवर भाडं देणारे होते. पैलवान आणि मॅडम पत्रात नव्हते. मिस्त्रींनी ते वाचलं, पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सोबत एक मोठा कुत्रा, एक मांजर.

"भाऊजी!" मेहुणी ओरडली. "हे मागाहून सांगायचं असतं!"

"मागाहून म्हणजे कधी? पैलवान दारात अडकल्यावर?"

पहिल्या सहा आठवड्यांत चौदा घरं पाहिली. एका मालकानं विचारलं, "कुत्रा भुंकतो का?" एजंटबाईंनी मिस्त्रींचा बूट दाबला, पण मिस्त्री म्हणाले, "लिफ्टच्या आवाजावर नाही भुंकत. बाकी सगळ्यावर भुंकतो." दुसऱ्या घरी मालकीणबाई प्राण्यांना हो म्हणाल्या. मिस्त्रींना इतका आनंद झाला की त्यांनी जाता जाता त्यांच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी तेल देऊन ठीक केली. ते जिना उतरून खाली पोचले तेवढ्यात फोन आला की घर दुसऱ्याला दिलं. तिसरीकडे मांजर चालेल म्हणाले, कुत्रा नाही. चौथीकडे छोटा कुत्रा चालेल. "किती छोटा?" मिस्त्रींनी विचारलं. मालकानं हातानं पावाएवढं माप दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "एवढं त्याचं नाक आहे."

सातव्या आठवड्यात मेहुणी चहाचा कप खाली ठेवून सरळ मुद्द्यावर आली.

"भाऊजी, रागावू नका. मॅडमला मी नेते. आमच्या इमारतीत कुत्रा चालत नाही, पण मांजर कुणाला दिसतेय. आणि पैलवानाचं मी एकाशी बोललेय. त्याचं मोठं गोदाम आहे. त्याला राखणीला कुत्रा हवाय."

"पैलवान राखण करणार?" मिस्त्री म्हणाले. "चोर आला तर त्याला आधी पैलवानाला शोधावं लागेल."

"हसू नका. एकतीस तारखेला बारा दिवस राहिलेत. तुमच्या एकट्यासाठी एक खोली मी उद्या मिळवून देते."

मिस्त्रींनी पैलवानाकडे पाहिलं. तो झोपला होता, पाठीवर मॅडम होती आणि मॅडमचा तो एक डोळा उघडा होता.

"बारा दिवस पुष्कळ झाले," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी एजंटबाईंचा फोन आला. "एक घर आहे. चौथा मजला, दोन खोल्या, उजेड भरपूर, भाडं तुमच्या आवाक्यातलं. मालकीण म्हणते कुत्रा आणा नाहीतर घोडा आणा. तीन महिने रिकामं पडलंय."

"का?"

"लिफ्ट बंद आहे."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुठली लिफ्ट आहे?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम तरणा झाला होता.

इमारत पाच मजल्यांची होती. खाली रस्त्याच्या बाजूला चष्म्याचं दुकान होतं आणि ते मालकीणबाईंचंच होतं. नाकावर एक चष्मा, केसांत दुसरा, गळ्यात तिसरा. दुकानाशेजारी बोळ होता आणि बोळाच्या टोकाला जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती. तिच्यावर पुठ्ठ्याची पाटी होती, बंद आहे. लिफ्टच्या समोर तळमजल्याच्या दारात खुर्ची टाकून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट होत्या, असं मालकीणबाईंनी सांगितलं.

मिस्त्रींनी घर पाहिलंच नाही. मेहुणी आणि एजंटबाई चार जिने चढून गेल्या आणि हे खाली लिफ्टच्या जाळीला कान लावून उभे राहिले.

"कंपनीचा माणूस आला होता," मालकीणबाई म्हणाल्या. "सगळी मशीन बदला म्हणाला. त्यानं आकडा सांगितला आणि मी खाली बसले. तेव्हापासून बंद आहे."

"मशीन बदला तर कुणीही म्हणेल," मिस्त्री म्हणाले. "मी जरा बघू का?"

ते इमारतीच्या माथ्यावरच्या मशिनच्या खोलीत गेले, तिथून एकेका मजल्याच्या दाराशी थांबत खाली आले आणि हात पुसत म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप वाकलंय, कुणीतरी कपाट नेताना ठोकलेलं दिसतंय. सगळ्या दारांची कुलपं नीट बसली तरच लिफ्टला वीज मिळते. एक रुसलं की सगळं बंद. आणि ब्रेकचं अस्तर झिजलंय. तीन दिवसांचं काम."

मेहुणी चौथ्या मजल्यावरून लाल होऊन आली होती. तिचा दम अजून खाली यायचा होता, पण बोलणं आधीच पोचलं. "भाऊजी, घर झकास आहे! उजेड, वारा, ओटा. सही करा."

मालकीणबाईंनी कराराचा कागद काउंटरवर ठेवला आणि वर पेन ठेवलं. भाडं जुनंच होतं. 'प्राणी चालतील' असं त्यांनी स्वतः हातानं लिहिलं होतं.

आणि इथं मिस्त्रींनी ते केलं, जे लिफ्टच्या मिस्त्रीशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं.

ज्या वस्तादाच्या हाताखाली ते शिकले होते, त्यांचा एक नियम होता. लिफ्ट दुरुस्त झाली की शंभर फेऱ्या मारायच्या. पन्नास रिकाम्या, पन्नास वजन भरून. प्रत्येक फेरीत मिस्त्री स्वतः आत, कान उघडे. भिंतीवर खडूनं रेघा मारायच्या. शंभरावी रेघ पडल्याशिवाय कुठल्याही कागदाला पेन लावायचं नाही. मिस्त्रींनी चाळीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता, अगदी लग्नाच्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी ते ब्याण्णव फेऱ्यांवर होते आणि तासभर उशिरा पोचले होते.

"आधी लिफ्ट, मग सही," ते म्हणाले.

"काय?" तिन्ही बाया एकदम बोलल्या.

"लिफ्ट चालली नाही तर पैलवान वर कसा येणार? मग मी सही करून तुमचा कागद कशाला खराब करू? आज सोमवार. गुरुवारपर्यंत थांबा."

"कागद खराब झाला तर मी नवीन आणून देईन!" मेहुणी म्हणाली. "गठ्ठाच आणते!"

पण मिस्त्री अवजारांची पिशवी आणायला निघालेसुद्धा होते.

पुढचे तीन दिवस त्यांचे फार मजेत गेले. बायको गेल्यापासून ते सकाळी उठून काय करायचं याचा विचार करत पडून राहायचे. आता ते उजाडायच्या आत उठत होते आणि पैलवानाला बाहेर फिरवून आणताना त्याला ब्रेकची माहिती देत होते. त्यांच्या जुन्या कंपनीतला एक सहकारी, ज्याच्याकडे तपासणीचं लायसन होतं, मदतीला आला. दोघांनी कुलूप काढून सरळ केलं, अस्तर बदललं, दोर पुसून एकेक तार पाहिली. बुधवारी दुपारी लिफ्टचा डबा पहिल्यांदा हलला तेव्हा सगळ्या मजल्यांची दारं उघडली आणि लोक जिन्यात आले.

टायपिस्टबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. त्यांचा दर अर्ध्या तासाला एकच प्रश्न होता.

"झाली का?"

"होतेय, बाई."

"होतेय म्हणजे झाली नाही."

"तुम्हाला कुठं जायचंय एवढी घाई करून?"

"वर."

"वर जायला माझी लिफ्ट कशाला लागते," मिस्त्री म्हणाले. "तिथं सगळे फुकट जातात."

टायपिस्टबाई इतक्या हसल्या की त्यांच्या मांडीवरचं वर्तमानपत्र खाली पडलं. "उद्धट आहात," त्या म्हणाल्या. "मला आवडलं. चला, फेऱ्या सुरू करा, मी रेघा मोजते. कोर्टात माझी मोजणी कधी चुकली नाही."

गुरुवारी अंधार पडू लागला तेव्हा सत्त्याऐंशी रेघा झाल्या होत्या. उरलेल्या तेरा सकाळी करू, असं म्हणून मिस्त्रींनी 'काम चालू आहे' अशी पाटी लावली आणि ते शीळ घालत घरी गेले.

शुक्रवारी सकाळी ते आले तर बोळात रांग होती.

पाटी काढलेली होती. तिच्या जागी एजंटबाईंच्या अक्षरात नवी पाटी होती: चौथा मजला भाड्याने देणे आहे, लिफ्टसह. एजंटबाई रांगेच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि चार-चारांचे गट करून वर पाठवत होत्या. जाळीतून खाली येणारे लोक खूश दिसत होते. "जुन्या पद्धतीची लिफ्ट! किती गोड!" एक बाई म्हणाली. मिस्त्रींना स्वतःच्याच लिफ्टसाठी रांगेत उभं राहावं लागलं.

"एजंटबाई, हे काय?"

एजंटबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "मिस्त्री, मी काय करू? लिफ्ट चालली ही बातमी काल बाजारात पोचली. रात्रीत सोळा फोन आले. एक नवराबायको आहेत, दोघंही कॉम्प्युटरवाले. दीडपट भाडं द्यायला तयार आहेत आणि घरात साधी कुंडीसुद्धा नाही."

मालकीणबाई दुकानात एकाच चष्म्याची काच पुन्हा पुन्हा पुसत होत्या. "मी तुम्हाला कागद दिला होता हो," त्या म्हणाल्या. "पेन दिलं होतं. तुम्हीच थांबा म्हणालात. मलाही या इमारतीवरच पोट भरायचंय. तुमच्या कामाचे पैसे मी चोख देणार."

"ते तर घेणारच," मिस्त्री म्हणाले. "फुकट केलेलं काम लिफ्टला कळतं. पण तुम्ही पाटी काढलीत. शंभर व्हायच्या होत्या अजून."

"अहो, लोकांनी सकाळपासून चाळीस केल्या असतील!"

"त्या धरायच्या नाहीत. त्या लोकांच्या फेऱ्या. मिस्त्री आत उभा राहून कान लावतो ती फेरी." त्यांचा आवाज चढला होता. घर गेलं तेव्हा चढला नव्हता, तो आता चढला. "आज डोक्यात राग आहे, कान लागणार नाही. उद्या सकाळी मी तेरा पूर्ण करतो. तोवर कुणाला आत पाठवायचं नाही."

मालकीणबाईंनी मुकाट्यानं जुनी पाटी परत लावली.

मेहुणीला कळलं तेव्हा तिनं दवाखान्यातून अर्धी सुट्टी घेतली, खास ओरडायला. "जगात कुणी असं केलंय का, भाऊजी? माणसं घर मिळवायला खोटं बोलतात, पाया पडतात. तुम्ही स्वतःच्या हातानं घराची किंमत वाढवलीत आणि मग ते परवडत नाही म्हणून घरी आलात!"

"कुलूप वाकलं होतं," मिस्त्री म्हणाले.

"मग उद्या जा आणि परत वाकडं करा! कुणाला कळणार नाही. लिफ्ट बंद, रांग बंद, भाडं खाली. सोमवारी सही."

खरं सांगायचं तर ते काम दोन मिनिटांचं होतं. एक पाना, एक हिसका. मिस्त्रींनी खोक्यांकडे पाहिलं. अर्धं घर बांधून झालं होतं. डाळीतांदळाच्या डब्यांवर बायकोच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तशाच होत्या. एका खोक्यात मॅडम जाऊन बसली होती आणि पैलवानानं त्याच खोक्यात डोकं घातलं होतं, बाकी सगळा तो बाहेर. गोदामात याला अंगावर कुणी झोपायला मिळणार नाही, असं मिस्त्रींच्या मनात आलं, आणि पाना, हिसका हे दोन्ही शब्द पुन्हा आले.

"ती असती तर काय म्हणाली असती?" मेहुणीनं विचारलं. आता ती ओरडत नव्हती.

मिस्त्रींनी विचार केला. "म्हणाली असती, तुम्ही सही का केली नाहीत, मूर्ख आहात. आणि मग म्हणाली असती, कुलपाला हात लावलात तर याद राखा."

मेहुणीनं डोळे पुसले आणि ती हसलीही. "हो, तस्संच म्हणाली असती. दोन्ही एका दमात."

शनिवारी सकाळी मिस्त्रींचं जुनं घर विकत घेणाऱ्यांची माणसं भिंती मोजायला आली. पैलवान त्यांच्या टेपवर भुंकू लागला, म्हणून मिस्त्री त्याला बरोबर घेऊनच निघाले. मॅडमला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तीही अवजारांच्या पिशवीतून निघाली, डोकं बाहेर काढून. बोळात पोचल्यावर तिघंही लिफ्टमध्ये शिरले. पैलवान आयुष्यात पहिल्यांदाच लिफ्टमध्ये बसला होता. डबा हलला तसे त्याचे कान उभे राहिले. तो भुंकला नाही. मजले एकेक करून खाली सरकताना बघून त्याची शेपटी जाळीवर टकटक आपटू लागली.

अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. टायपिस्टबाई खडू घेऊन रेघा मारत होत्या.

नव्वदाव्या फेरीनंतर त्या खुर्चीतून उठल्या. "आता मला घ्या."

"शंभर होऊ द्या, बाई."

"मिस्त्री, मी सात महिने थांबलेय. दहा फेऱ्यांत मेले तर तुमची मोजणी कायमची अपुरी राहील. आणि तुम्ही आत आहातच की कान लावून."

मिस्त्रींनी जाळी उघडली. बाई आत आल्या, पैलवानाला म्हणाल्या, "सरक रे," आणि त्यांनी स्वतःच पाच नंबरचं बटण दाबलं.

पाचव्या मजल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून एक दार उघडलं. आत धूळ होती, पण घर भरलेलं होतं. कपाटं, पुस्तकं, टेबलावर झाकलेला टाइपरायटर. पलीकडे दार होतं आणि दाराबाहेर उघडी गच्ची होती. मिस्त्री बघतच राहिले.

"हे तुमचं?"

"एकतीस वर्षं. लिफ्ट बंद पडली तेव्हा मी खाली अडकले होते. गुडघे असे की पाच जिने चढायची सोय नाही. मालकीणबाई म्हणाली, लिफ्ट होईपर्यंत मागच्या दोन खोल्यांत राहा, मावशी. दोन दिवसांत होईल." त्यांनी खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली आणि त्या बसल्या. पैलवान गच्चीच्या दारात जाऊन उन्हात पसरला. मॅडम पिशवीतून उतरली, तिनं गच्ची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून तपासली आणि ती येऊन त्याच्या पाठीवर चढली. "मी आता खाली येत नाही," टायपिस्टबाई म्हणाल्या. "माझ्या दोन बॅगा खाली आहेत, त्या तेवढ्या एखाद्या फेरीत आणून द्या. आणि तिला वर बोलवा."

मिस्त्री खाली जाऊन मालकीणबाईंना लिफ्टनं घेऊन आले. ती ब्याण्णवावी होती.

"मावशी, पण पाचव्या मजल्याला आता..." त्यांनी सुरुवात केली.

"आता काय? बाजार चढलाय? चढू दे. माझा करार पाचव्या मजल्याचा आहे, अजून चार वर्षांचा. मी स्वतः टाइप केलाय. त्यात एक चूक दाखव, मी घर सोडते."

मालकीणबाईंनी केसांतला चष्मा नाकावर आणला, नाकावरचा केसांत नेला, आणि हसून हात जोडले. "नाही हो मावशी. तुमच्या कागदात चूक कोण काढणार?"

"मग खालच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या," टायपिस्टबाई म्हणाल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "त्या कोण घेतंय? सगळ्यांना उंच हवं, उजेड हवा. तिथं मागं नुसतं अंगण, आणि समोर लिफ्टचं दार. दिवसभर खडखड. एजंटबाई तर त्या खोल्या कुणाला दाखवतसुद्धा नाहीत."

मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. टायपिस्टबाई आधीपासून तिकडेच बघत होत्या.

मिस्त्रींना कळायला थोडा वेळ लागला. तळमजला. पायरी एकही नाही. मागं अंगण. आणि दिवसभर लिफ्टचा आवाज, ज्यावर पैलवान भुंकत नाही आणि ज्याच्याशिवाय त्यांना स्वतःला दोन वर्षं नीट झोप लागली नव्हती.

"भाडं?" त्यांनी विचारलं.

"चौथ्याचं जुनं होतं, त्याहून कमी. प्राणी चालतील. पण महिन्यातून एकदा लिफ्टला तेल तुम्ही द्यायचं. पैसे देईन." मालकीणबाई थोड्या ओशाळल्या. "फुकट केलेलं काम तिला कळतं ना."

"मग आत्ताच कागद आणा," टायपिस्टबाई म्हणाल्या, "नाहीतर खाली पोचेपर्यंत त्याचंही भाडं वाढेल."

मेहुणी इथं असती तर तिनं मिस्त्रींचा हात धरून सही करवली असती. मिस्त्रींनी भिंतीवरच्या रेघा आठवल्या. आठ राहिल्या होत्या. चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्यांनी उन्हात पडलेल्या त्या दोघांकडे पाहिलं, एकावर एक.

"पेन द्या," ते म्हणाले.

टायपिस्टबाईंनी स्वतःच टाइपरायटरवरचं झाकण काढलं आणि करार टाइप केला. मिस्त्रींनी सही केली. मग लगेच, मोठी चोरी करून आल्यासारखे, ते लिफ्टमध्ये शिरले आणि उरलेल्या आठ फेऱ्या एकट्यानं पूर्ण केल्या. आठही फेऱ्यांत कान लावून उभे होते. लिफ्ट सुतासारखी सरळ चालत होती.

एकतीस तारखेला सामान आलं. मेहुणीनं टेंपोवाल्याला वेठीला धरलं, एजंटबाईंनी खोक्यांच्या दोन ओळी लावून घेतल्या. डबे चिठ्ठ्यांसकट फळीवर गेले. मॅडमनं दोन्ही खोल्या पाहिल्या, खिडकी निवडली. पैलवानानं अंगणात एक चक्कर मारली, हुंगायचं ते हुंगलं आणि मग तो कुणाला न विचारता बोळ ओलांडून लिफ्टच्या दारासमोर जाऊन बसला.

चौथ्या मजल्याची नवराबायको पिशव्या घेऊन आली. कुत्रा बघून जरा बिचकली.

"काका, हा कुठल्या मजल्यावर राहतो?"

"इथंच, खाली," मिस्त्री म्हणाले.

"मग लिफ्ट कशाला हवीय त्याला?"

वरून, पाचव्या मजल्यावरून, जाळीतून आवाज आला. "मिस्त्री! पैलवान निघाला का? ऊन आलंय गच्चीवर!"

"निघतोय, बाई!"

"निघतोय म्हणजे निघाला नाही!"

मिस्त्रींनी जाळी उघडली. पैलवान आत शिरला आणि त्यानं अर्धा डबा व्यापला. नवराबायको एकमेकांकडे बघत, पिशव्या पोटाशी धरून, उरलेल्या अर्ध्यात शिरली. डबा हलला. पहिल्या मजल्याशी बायकोनं एक बोट पुढे करून त्याच्या डोक्याला लावून पाहिलं. दुसऱ्या मजल्याशी तिचा पूर्ण हात त्याच्या कानामागे गेला होता. तिसऱ्याशी नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली.

चौथा मजला आला तेव्हा कुणी उतरलं नाही. मिस्त्रींनी पाच नंबरचं बटण दाबलं.